पट्टी म्हणते तीन!

"ताई! ताई गं! मी आखडले!"

लवंगीच्या किंकाळीनं काठावरच्या बाकावर डुलक्या काढणारे एक आजोबा दचकून जागे झाले आणि दोन बदकं फडफड करत उडून गेली. मासोळीनं सपासप चार हात मारले आणि दोरीखालून ती थेट लहान मुलांच्या कुंडात शिरली.

"काय झालं? पाय आखडला?"

"पाय नाही! मी! सगळीच्या सगळी!" लवंगी लाल खांबाला धरून उभी होती. पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं आणि बोलताना एकेक घोट तोंडात जात होता. "गेल्या वर्षी याच खांबापाशी पाणी माझ्या छातीपर्यंत होतं. आता बघ! धुतल्यावर बनियन आटतं ना, तशी मी आटले!"

काठावर पाय सोडून बसलेला वकील खो खो हसत सुटला. "दिवसातून तीनदा डुंबतेस. मग आटणार नाहीस तर काय होणार?"

"ए, तू गप्प बस!"

ही तिघं भावंडं सुट्टीत आत्याकडे आली होती. सगळ्यांत मोठी मासोळी, तेरा वर्षांची. एकदा पाण्यात पडली की तिला बाहेर काढायला हाका पुरत नसत, धमक्या द्याव्या लागत. मधला वकील बारा वर्षांचा. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी "कशावरून?" असं विचारणारा. आणि सहा वर्षांची लवंगी मिरचीच्या जातीची. दिसायला एवढीशी, पण तिच्या वाटेला जाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी!

त्यांची आत्या धरणावर कामाला होती. धरण तसं लहानसंच. दोन टेकड्यांच्या मधून येणारा ओढा दगडी भिंतीनं अडवला होता आणि मागं साठलेल्या तळ्यात लोक पोहायला, होड्या वल्हवायला येत. तळ्याचाच काठालगतचा, फरशी घातलेला उथळ भाग दोरीनं वेगळा केला होता, तेच लहान मुलांचं कुंड. भिंतीत एक लोखंडी दरवाजा होता. मोठं चाक फिरवून तो कमीजास्त उघडायचा आणि तळ्यातलं पाणी ठरलेल्या पातळीवर ठेवायचं, हे आत्याचं काम. अठरा वर्षं ती ते करत होती.

"टाचा टेकव बघू नीट," मासोळी म्हणाली.

"टेकल्यातच!"

मासोळीनं बुडी मारून पाहिलं. टाचा खरंच टेकलेल्या होत्या. खाली सपाट फरशी. खड्डा नाही, चिखल नाही. वर आली तेव्हा तिची नजर खांबावरच्या पाटीवर गेली. 'खोली पाऊण मीटर.'

"वकील, हसू नकोस," ती केस पिळत म्हणाली. "ही खरंच बुडायला आलीय."

घरी गेल्यावर लवंगीनं ओल्या फ्रॉकनिशी आत्याचा हात धरून तिला स्वयंपाकघराच्या दारापाशी ओढत नेलं. तिथं चौकटीवर दरवर्षी पेन्सिलीनं सगळ्यांच्या उंचीच्या खुणा केलेल्या होत्या. आत्यानं तिच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली, नवी रेघ ओढली आणि दोन रेघांमधलं अंतर मोजलं.

"सहा सेंटिमीटर! चांगली उंच झालीस की गं!"

"म्हणजे मी आटले नाही?"

"आटतेस कसली! तुझे फ्रॉक मात्र आखूड व्हायला लागलेत."

लवंगीचा जीव भांड्यात पडला आणि ती उड्या मारत पळाली. वकिलाचं हसू मात्र आता मावळलं होतं.

"एक मिनिट. ही सहा सेंटिमीटर वाढली. मग पाणी छातीच्या खाली यायला हवं होतं. ते वर कसं गेलं?"

"पाणी वाढलंय," मासोळी म्हणाली.

"अशक्य," आत्या म्हणाली. ती रागावली नाही. तिनं फक्त फडताळातली जाड वही काढली आणि टेबलावर उघडून ठेवली. सुबक अक्षरांत रकाने भरलेले होते. सकाळी सात, तीन मीटर. संध्याकाळी सहा, तीन मीटर. पानामागून पान तेच. "रोज दोनदा जाऊन पट्टी वाचते मी. तीन म्हणजे तीन. बोटभर वर नाही की बोटभर खाली नाही."

पट्टी म्हणजे धरणाच्या भिंतीवर उभी बसवलेली, आकडे लिहिलेली लोखंडी पाती. पाणी ज्या आकड्याला टेकलं ती तळ्याची पातळी. पडवीतून ती उन्हात चमकताना दिसत होती. पांढरीशुभ्र, वर काळे आकडे.

"किती छान दिसतेय गं यंदा!" मासोळी म्हणाली.

"दिसणारच. रंगारी येतो येतो म्हणाला आणि आलाच नाही. शेवटी सुट्टीच्या आधी मीच ती काढली, मीच रंगवली आणि मीच बसवली." आत्याच्या आवाजात नाही म्हटलं तरी थोडा अभिमान होता. "बरं, आता हातपाय धुऊन घ्या. परवा कुंडात बाळांचे खेळ आहेत. बावन्न मुलं येणार आहेत, सगळी पाच-सहा वर्षांची. उद्या मला मान वर करायला सवड नाही."

बावन्न! सगळी लवंगीएवढी, काही तर तिच्याहून ठेंगणी! मासोळी आणि वकील एकमेकांकडे बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही ओळंब्याला शोधत निघाले. लवंगी न सांगता मागं आलीच.

ओळंबा म्हणजे शेजारच्या गवंडीकाकांचा मुलगा. उंच, काटकुळा, आणि गवंड्याच्या दोरीला लटकणाऱ्या वजनासारखा सरळ उभा राहणारा. बोलायचा फार कमी. त्याचे बाबा तळ्याकाठच्या कपडे बदलायच्या खोल्यांत फरशी बसवत होते आणि हा त्यांच्याजवळ बसून फरशीच्या उरलेल्या तुकड्यांची नक्षी जुळवत होता. त्यानं सगळी हकीकत ऐकून घेतली. मग पुन्हा तुकडे जुळवू लागला.

"अरे, बोल की काहीतरी!" वकील वैतागला.

"तीनच गोष्टी होऊ शकतात," ओळंबा म्हणाला. "फरशी खचली, पाणी चढलं, नाहीतर पट्टी हलली."

"फरशी खचली नाही. मी कोपरा न् कोपरा चाचपून आलेय, कुठं भेगसुद्धा नाही," मासोळी म्हणाली.

"मग उरल्या दोन. पट्टी बरोबर असेल तर पाणी चढलेलं नाही. पाणी चढलं असेल तर पट्टी बरोबर नाही."

"पण दोन्हींतलं खरं काय, ते कसं कळणार?" वकिलानं विचारलं. "पाणी मोजायचं पट्टीनं. मग पट्टी मोजायची कशानं?"

ओळंबा उठला. खुंटीवर पारदर्शक रबरी नळीचं भलंमोठं वेटोळं टांगलेलं होतं, ते त्यानं खांद्यावर घेतलं. "बाबा, नेऊ का तासभर?"

"ने, पण पीळ पाडू नकोस," गवंडीकाका फरशीवरून मान न उचलता म्हणाले.

वाटेत ओळंब्यानं समजावून सांगितलं. नळीत पाणी भरायचं. मग तिची दोन टोकं कितीही लांब नेली, तरी दोन्हीकडचं पाणी अगदी एका उंचीवर थांबतं. लांबच्या दोन भिंतींवर एका पातळीत खुणा करायच्या असल्या की गवंडी हीच नळी वापरतात.

"पण एक टोक पट्टीपाशी, तर दुसरं कुठं?" वकिलानं विचारलं.

ओळंबा धरणाच्या पायऱ्यांपाशी थांबला. कडेच्या दगडात एक पितळी गोटी बसवलेली होती आणि तिच्या शेजारी कोरलं होतं, ३.५०. लोक येता-जाता तिच्यावर पाय देऊन देऊन ती गुळगुळीत झाली होती.

"ही धरण बांधलं तेव्हाची. दगड हलत नाही. या गोटीच्या उंचीला पट्टीवर साडेतीन दिसलं पाहिजे."

आत्याच्या घरून आणलेली शाई पाण्यात मिसळून त्यांनी नळी भरली, म्हणजे वरून पाणी नीट दिसावं. पट्टी पायऱ्यांपासून दहा पावलांवर, कठड्याच्या बाहेरच्या अंगाला होती. ओळंब्यानं नळीचं एक टोक बांबूला बांधून कठड्यावरून पट्टीलगत खाली सोडलं. तो ओणवा झाला तसा वकिलानं त्याचा पट्टा दोन्ही हातांनी पकडला. गोटीपाशी दुसरं टोक धरून मासोळी आणि लवंगी. पाणी सांडू नये म्हणून लवंगीनं त्याच्या तोंडावर अंगठा दाबून धरला होता.

"अंगठा काढा!" ओळंबा ओरडला. "किती?"

"निळं पाणी गोटीपाशी आलं!" मासोळी ओरडली.

"इकडे तीन एकेचाळीस! म्हणजे फरक नऊचा!"

"ताई," लवंगी हळूच म्हणाली, "अंगठा कधी काढायचा?"

"अगं बाई! अजून काढलाच नाहीस?"

पुन्हा मोजलं. या वेळी वकिलाचा पाय नळीवर पडला. तिसऱ्यांदा मध्येच हवेचा एक मोठा बुडबुडा दिसला आणि सगळी नळी रिकामी करून परत भरावी लागली. तेवढ्यात तळ्याचे मॅनेजर सायकलवरून चालले होते. ते ब्रेक दाबून थांबले.

"काय रे, धरणाला सलाईन लावलंय की काय?"

"हो काका! त्याची तब्येत बरी नाही!" वकील म्हणाला.

मॅनेजरकाका मनापासून हसले आणि निघून गेले. त्यांना मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर, सरबताची पिंपं, सगळं एकट्यानं बघायचं होतं.

चौथ्यांदा सगळं जुळून आलं. अंगठा वेळेवर निघाला, निळं पाणी दोन्हीकडे हललं, डुललं आणि स्थिर झालं. गोटीपाशी बरोबर गोटीच्या माथ्याला.

"तीन तीस," ओळंबा सावकाश म्हणाला.

पाचव्यांदा मोजलं. तीन तीस. सहाव्यांदा वकिलानं जागा बदलून स्वतः वाचलं, कारण त्याचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता. तीन तीस!

"पट्टी वीस सेंटिमीटर वर बसलीय!" वकील ओरडला. "म्हणजे पट्टी जेव्हा तीन म्हणते, तेव्हा पाणी खरं तीन वीस असतं! वा रे वा! आता ज्यानं कुणी ही पट्टी बसवली त्याला..."

पट्टी कुणी बसवली होती, ते चौघांनाही एकदम आठवलं.

नळी गुंडाळून चौघं पायरीवर बसले.

"आपण मॅनेजरकाकांना नुसतं सांगू की पट्टी सरकलीय. कुणी बसवली ते कशाला सांगायचं?" वकील म्हणाला.

"आणि त्यांनी आत्याला सगळ्यांसमोर विचारलं तर?" मासोळी म्हणाली. "तिला दुसऱ्याकडून कळणार? आपण तिच्या घरात राहतो, तिच्या हातचं जेवतो."

"मग गप्प बसू या का?"

मासोळीनं कुंडाकडे पाहिलं. दोन माणसं रंगीत चेंडूंचं जाळं आणून ठेवत होती. "नाही. गप्प बसता येणारच नाही."

आत्या दरवाजाच्या चाकाला ग्रीस लावत होती. मासोळीनं सांगायला सुरुवात केली, पण पहिल्याच वाक्यानंतर तिनं ओळंब्याकडे पाहिलं. मग ओळंब्यानं सांगितलं, त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं, मोजून चार वाक्यांत. आत्यानं ग्रीसचा डबा बंद केला, फडक्यानं एकेक बोट पुसलं आणि पट्टीकडे बघत उभी राहिली.

"मी ती बसवली तेव्हा तळं उतरवलेलं होतं," ती स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली. "मागच्या लोखंडी पट्ट्यात वीस-वीस सेंटिमीटरवर भोकं आहेत. खालच्या बाजूला शेवाळ इतकं होतं... जे पहिलं भोक दिसलं, त्यात मी बोल्ट घातला." ती थांबली. "त्याच्या खाली अजून एक होतं का?"

तिनं फडकं खांद्यावर टाकलं.

"चला. होडी काढा. सगळ्यांनी जॅकेटं घाला."

आत्यानं होडी वल्हवत पट्टीपाशी नेली. बाही खांद्यापर्यंत सारून तिनं हात पाण्यात घातला, पण खालचा बोल्टच कसाबसा बोटांना लागला. त्याच्या खाली हात पोचेना.

"आत्या, मी जाऊ?"

आत्यानं क्षणभर विचार केला. मासोळीचं जॅकेट काढून तिच्या कमरेला दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. "वीस आकडे मोजीन. एकवीस म्हणायच्या आत वर नाही आलीस तर ओढून काढीन."

मासोळीनं छाती भरून श्वास घेतला आणि ती दिसेनाशी झाली.

"एक, दोन, तीन..." लवंगीनं घाबरून वकिलाचा हात धरला. "अकरा, बारा..." पाण्यावर बुडबुडे आले. "सोळा, सतरा..."

फस्सकन पाणी उडालं! मासोळी वर आली ती नाकातोंडातलं पाणी झटकत. तिच्या मुठीत हिरव्यागार शेवाळाचा गोळा होता.

"आहे!" ती धापा टाकत म्हणाली. "बोल्टच्या खाली भोक आहे! शेवाळानं बुजलं होतं. माझं बोट आरपार गेलं!"

आत्यानं तिला होडीत ओढून घेतलं, टॉवेलात गुंडाळलं. मग वल्ही हातात घेतली, पण लगेच मारली नाहीत. मुलांनी तिला असं बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. तिची मान खाली होती. शेवटी लवंगीच सरकत सरकत जाऊन तिला चिकटून बसली.

"माझी चूक," आत्या म्हणाली. "आणि उद्या बावन्न मुलं." तिनं मान वर केली आणि वल्ही जोरात पाण्यात घातली.

मॅनेजरकाका मांडवात खुर्च्या मोजत होते. आत्यानं आडवळण न घेता सांगितलं. "साहेब, पट्टी मी चुकीची बसवली. पाणी वीस सेंटिमीटर जास्त आहे. आत्ता चार वाजता दरवाजा उघडला तर उद्या सकाळपर्यंत उतरेल. खाली ओढ्यात पाणी वाढेल, म्हणून तुमची सही लागते."

मॅनेजरकाका कपाळाला हात लावून बसले. माणूस वाईट नव्हता, पण अंगावर एवढी कामं होती की नवं काही ऐकायला त्यांच्याकडे कानच उरले नव्हते.

"अहो ताई, अठरा वर्षांत तुमची कधी चूक झालीय का? पोरांनी काहीतरी नळीचा खेळ केला आणि तुम्ही लगेच मनाला लावून घेता! मी आत्ताच पट्टी पाहून आलो. तीन म्हणजे तीन! आणि समजा असलंच थोडं जास्त, वीत-दीड वीत पाण्यानं काय होतंय? उद्याचा कार्यक्रम पार पडू दे. सोमवारी बघू. उगाच चौकशीचं लचांड तुमच्याच मागं लागेल."

"लागू दे."

"नाही, मी सही करणार नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

आत्या काही बोलणार इतक्यात वकील पुढं झाला. चेहरा अगदी साधाभोळा. मासोळीनं तो चेहरा ओळखला. असा चेहरा झाला की समोरच्यानं सावध व्हावं!

"काका, ते जाऊ दे. उद्या खेळ सुरू करायला कुंडात पहिलं पाऊल तुम्हीच टाकणार ना?"

"मी? हो, म्हणजे... टाकायला काय हरकत आहे?"

"मग आजच एक फोटो काढू या. उद्या गर्दीत नीट येणार नाही. पाण्यात उभे असलेले तुम्ही आणि शेजारी एक छोटी मुलगी! लवंगी, ये गं!"

मॅनेजरकाकांनी केसांवरून हात फिरवला. फोटोला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं. कुंडाच्या काठावर त्यांनी बूट काढले, मोजे काढले.

"पँट कितपत दुमडू?"

"इथल्या पाटीवर लिहिलंय की. पहिली पायरी, गुडघाभर पाणी. गुडघ्याच्या वर चार बोटं दुमडलीत की झालं!"

काकांनी इस्त्रीची घडी सांभाळत पँट दुमडली. गुडघ्याच्या वर चार बोटं, आणि वर आणखी एक बोट. मग छाती पुढं काढून त्यांनी पायरीवर पाऊल टाकलं.

"अरे! अरे अरे अरे!"

पाणी गुडघा ओलांडून सरळ मांडीपर्यंत चढलं! दुमडलेली पँट पिशवीसारखी पाण्यानं भरली.

"ही पाटी खोटी आहे!" काका ओरडले.

"पाटी जुनीच आहे काका," वकील म्हणाला. "नवी आहे ती पट्टी."

काकांनी पाटीकडे पाहिलं, मग लांब चमकणाऱ्या पट्टीकडे पाहिलं. पण खरं काम केलं लवंगीनं. ती कुणाला न विचारता त्यांच्या शेजारून कुंडात उतरली आणि लाल खांबापाशी जाऊन उभी राहिली. पाण्यावर तिचं एवढंसं तोंड दिसत होतं, वर केलेलं, ओठ घट्ट मिटलेले. एक छोटी लाट आली आणि नाकावरून गेली. ती खोकली. मासोळीनं झेप घेऊन तिला उचललं.

मॅनेजरकाकांचा आवाज एकदम उतरला. "उद्याच्या मुलांतलं सगळ्यांत लहान केवढं आहे?"

"पाच वर्षांचं," आत्या म्हणाली. "हिच्याहून चार बोटं ठेंगणं."

काका तसेच ओलेते बाहेर आले. "सहीचा कागद द्या तो," ते म्हणाले. पँटमधून पाणी निथळत असताना त्यांनी सही केली. मग म्हणाले, "आता ओढ्यातली माणसं हलवायला हवीत. माझी माणसं मांडवात अडकलीत. मुलांनो, काठाकाठानं धावाल का?"

धावतील का! विचारायचं काय त्यात?

आत्याचा नियम पक्का होता. खालच्या पुलापर्यंतचे दोन्ही काठ मोकळे झाल्याची खूण मिळेपर्यंत चाकाला हात लावायचा नाही. डाव्या काठानं मासोळी आणि वकील, उजव्या काठानं ओळंबा निघाला. खुणेसाठी प्रत्येक काठाला एक पांढरा टॉवेल. धरणावरचा भोंगा वाजला आणि तिघं सुटले! "पाणी सोडताहेत! वर या! वर या!" पाय बुडवून बसलेल्या बायका उठल्या, गाडी धुणारा एकजण बादली घेऊन वर पळाला, खेकडे शोधणारी पोरं कुरकुरत बाहेर आली. पुलापाशी मासोळीचा टॉवेल हलला.

उजवीकडचा मात्र हलेना. ओढ्याच्या मधल्या सपाट खडकावर एक गृहस्थ गळ टाकून आडवे झाले होते. तोंडावर टोपी, कानात गाण्याची बोंडं. भोंगा पुन्हा वाजला, तरी ते ढिम्म! ओळंबा दगडांवरून उड्या मारत त्यांच्यापाशी पोचला आणि त्यानं टोपी उचलली.

"कोण रे तू?" गृहस्थ उठून बसत म्हणाले. "आत्ता तर मासा लागायची वेळ झालीय!"

"पाणी येतंय."

"येऊ दे की! पाण्यात बसलोय, पाणी येणारच!"

वकील असता तर त्यानं वाद घातला असता. ओळंबा नुसता वाकला आणि त्यानं बसलेल्या गृहस्थांच्या छातीवर तळहात आडवा टेकवला. "इथवर."

गृहस्थांनी त्या हाताकडे पाहिलं, धरणाकडे पाहिलं आणि गळ, डबा, चपला, सगळं कवटाळून ते असे धावत सुटले की ओळंब्यालाच त्यांना गाठताना दम लागला. उजवा टॉवेल हलला! वरती आत्यानं चाकावर दोन्ही हात ठेवले आणि जोर लावला. दरवाज्याखालून पांढरंशुभ्र पाणी उसळत बाहेर पडलं, आणि थोड्याच वेळात तो सपाट खडक पुरता दिसेनासा झाला.

रविवारी नऊ वाजता बावन्न मुलांनी कुंडात असा काही धुमाकूळ घातला की लाउडस्पीकरवरचं एकही वाक्य कुणाला ऐकू आलं नाही. मॅनेजरकाका सकाळभर कुंडाच्या काठावरून हलले नाहीत. प्रत्येक मुलाच्या खांद्याकडे बघत त्यांनी तिथंच उभ्यानं चहा प्यायला.

सोमवारी मोठ्या इंजिनीअरबाई आल्या. आत्यानं घडलं ते सगळं स्वतःच्या हातानं वहीत लिहून काढलं होतं. पट्टी कधी काढली, कशी बसवली, चूक कुणाची आणि ती कुणी शोधली. बाईंनी ती दोन पानं उभ्या उभ्या वाचली. मग तीन पायांवरचं यंत्र लावून त्यांनी गोटी आणि पट्टी दोन्ही तपासली.

"किती आलं होतं तुमचं?" त्यांनी मुलांना विचारलं.

"वीस," ओळंबा म्हणाला.

"माझंही वीसच." बाईंनी यंत्राच्या काचेवर टोपण लावलं. "या यंत्रावर काम करायला मी चार वर्षं शिकले. तुम्ही नळीत शाई भरून तेच केलंत! शाब्बास! मोठी माणसं आकड्याकडे बघत राहिली, तुम्ही मात्र या छोटीकडे पाहिलंत."

"मीच ओरडले होते आधी!" लवंगीनं आठवण करून दिली.

"हो, तुझा मान पहिला!" बाई हसल्या. मागं उभे असलेले गवंडीकाका कधी कुणाचं कौतुक करत नसत. त्यांनी ओळंब्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला.

आत्या मात्र बाजूला उभी होती. "बाई, माझ्यावर काय ती कारवाई..."

"नियमाप्रमाणे लेखी समज मिळेल. ती मी देणारच," बाई म्हणाल्या. "पट्टी बसवल्यावर गोटीवरून तपासायला हवी होती. यापुढं दर महिन्याला तपासायची. पण ज्या माणसानं स्वतःची चूक अशी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवली, त्याला या चाकावरून मी हलवणार नाही. इथं मला असंच माणूस हवंय."

इंजिनीअरबाई गेल्यावर आत्या पायरीवर बसली. मासोळी घुटमळत तिच्या शेजारी जाऊन बसली. तीन दिवस तिच्या मनात एक प्रश्न अडकून पडला होता.

"आत्या, आम्ही तुझी चूक शोधली... तुला खूप वाईट वाटलं ना गं?"

"वाटलं की. खोटं कशाला बोलू? शनिवारी होडीत बसले तेव्हा वाटलं, इथंच पाण्यात उडी मारावी आणि कुणाला तोंड दाखवू नये." आत्यानं तिचे ओले केस कानामागं सारले. "पण मग मनात आलं, या पोरांना सरळ मॅनेजरकडे जाता आलं असतं. ती आधी माझ्याकडे आली. घाबरत घाबरत का होईना, पण माझ्याकडे आली. अगं, ज्याला असं येऊन सांगणारी माणसं आहेत, त्यानं चुकीला एवढं कशाला घाबरायचं?"

मासोळीनं आत्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

तेवढ्यात खालून वकिलाचा आवाज आला, "ताई, लवकर ये! ओळंबा म्हणतोय, आज त्याला पोहायला शिकायचंय! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा!"

"जा, जा!" आत्या तिला ढकलत म्हणाली. "आणि त्याला सांग, पाण्यात तसं ताठ उभं राहून चालत नाही!"